कौतुक आणि हळहळ

वर्तमानपत्राने वार्ता द्याव्या की माणसांच्या गोष्टी सांगाव्या, हा वाद पंडितांनी अजून सोडलेला नसला तरी वाचकांनी तो केव्हाच निकालात काढला आहे. सकाळच्या चहाबरोबर आमच्या घरोघर जो मजकूर मोठ्याने वाचून दाखविला जातो तो अर्थसंकल्पाचा नसतो. अमक्या नटीचा संसार मोडला, तमक्या क्रिकेटपटूने मुलीचे नाव काय ठेवले, रिक्षात राहिलेली दागिन्यांची पिशवी एका गरीब चालकाने परत केली, भाजी विकणाऱ्या बाईचा मुलगा मोठ्या परीक्षेत उत्तीर्ण झाला, असा तो मजकूर असतो. आणि तो ऐकून स्वयंपाकघरातून कोणीतरी 'अगबाई!' म्हणते. ह्या आवडीस आम्ही नावे ठेवीत नाही. माणसाला माणसाविषयी कुतूहल नसेल तर साहित्याचा व्यवहारच बुडेल, आणि त्याबरोबर आम्हां प्राध्यापकांची उपजीविकाही. आमची तक्रार निराळी आहे. ह्या गोष्टी आज ज्या रीतीने लिहिल्या जातात त्या रीतीने माणूस पुढे उभा करून त्याच्या पाठीमागची परिस्थिती झाकली जाते. मनुष्य सामान्य असला तर झाकण्याचे वस्त्र कौतुकाचे असते, नामवंत असला तर हळहळीचे, काम एकच.

आम्ही नेरळास राहतो. बाहेरच्या जगाला हे गाव माथेरानला जाताना गाडी बदलण्याचे ठिकाण म्हणून ठाऊक आहे. १९०७ साली आदमजी पीरभॉय ह्यांच्या घराण्याने डोंगरावर चढविलेली छोटी आगगाडी हीच आमची काय ती प्रसिद्धी. येथल्या माणसांविषयी पुण्यामुंबईच्या पत्रांत रकानेच्या रकाने यावेत असे प्रसंग विरळा. परंतु २०२१ ते २०२३ ह्या काळात आमच्या आसपास तीन घटना अशा घडल्या की, साऱ्या महाराष्ट्राने काही दिवस दुसरे वाचले नाही. तिन्ही इतक्या जवळच्या होत्या की, छापलेले आणि असलेले ह्यांतले अंतर मोजण्याची आम्हांस आयतीच सोय झाली.

पहिली घटना वांगणीची. नेरळहून मुंबईच्या बाजूस निघाले की शेलू आणि मग वांगणी. तेथल्या फलाटावरून १७ एप्रिल २०२१ रोजी सायंकाळी एक अंध माता आपल्या लहान मुलाला घेऊन चालली असता मूल तोल जाऊन रुळांवर पडले. त्याच रुळांवरून उद्यान एक्सप्रेस येत होती. आई फलाटाची कड हातांनी चाचपीत राहिली. मयूर शेळके नावाचा रेल्वेचा पॉइंट्समन, म्हणजे जुन्या मराठीतला सांधेवाला, गाडीच्या रोखाने रुळांतून धावत आला, त्याने मूल उचलून फलाटावर ठेवले आणि स्वतः वर चढला. तो चढतो न चढतो तोच गाडी धडधडत निघून गेली. स्थानकावरील कॅमेऱ्याने हे टिपले आणि दोन दिवसांत ते देशभर झाले. ह्या माणसाच्या धैर्याविषयी आम्हांस जो आदर वाटतो तो शब्दांत घालण्याची गरज नाही. रेल्वेने त्याला पन्नास हजारांचे पारितोषिक जाहीर केले, एका कंपनीने मोटारसायकल दिली, मंत्र्यांनी व उद्योगपतींनी प्रशंसा केली. शेळके ह्यांनी काय केले? पारितोषिकाची निम्मी रक्कम त्या मुलासाठी देऊ केली. त्या माय-लेकरांच्या पुढच्या दिवसांचा विचार करणारा त्या गलबल्यात एक मनुष्य निघाला, आणि तो वर्तमानपत्राचा नव्हता.

कारण वर्तमानपत्रांनी विचारावयाचे ते फारसे विचारलेच नाही. वांगणीत अंध कुटुंबे इतकी का आहेत? ती तेथे राहतात, कारण खोल्यांची भाडी परवडतात आणि लोकल गाडी दारातून जाते. त्यांतील कित्येकांचा चरितार्थ ह्याच गाडीच्या डब्यांतून किरकोळ वस्तू विकण्यावर चालतो. आमच्यासारख्या रोजच्या प्रवाशांनी त्यांच्याकडून ओळखपत्राची पाकिटे आणि किल्ल्यांच्या साखळ्या घेतलेल्या आहेत. मार्च २०२० मध्ये ही गाडी सामान्यांसाठी बंद झाली, ती १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत उघडली नाही. उघडली तीही ठरावीक वेळांपुरती. आणि वांगणीच्या घटनेनंतर पाचव्या दिवशी, २२ एप्रिलला, ती पुन्हा बंद झाली. मोटारसायकल कोणत्या रंगाची मिळाली हे आम्ही ज्या सप्ताहात वाचीत होतो त्याच सप्ताहात त्या गावच्या अंध फेरीवाल्यांची बाजारपेठ दुसऱ्यांदा उठली होती. ज्या थोड्या पत्रकारांनी ते लिहिले त्यांचे ऋण मान्य आहे. पण ते लिखाण आतल्या पानात होते आणि कौतुक पहिल्या पानावर. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्याप्रमाणे रेल्वे स्थानके अंधांना वापरता येतील अशी करणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. फलाटाच्या कडेपासून आतल्या अंगास पायाला जाणवेल अशी उंचवट्याची पट्टी असावी लागते. वांगणीच्या त्या फलाटावर, त्या जागी, ती कोणत्या अवस्थेत होती हे स्थानकावर जाऊन पाहणे अर्ध्या तासाचे काम होते. ते करावयास नको होते काय?

आणखी एक आकडा सांगितल्यावाचून राहवत नाही. २०२३ ह्या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर अडीच हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. म्हणजे दिवसाला सात. त्यांपैकी बहुतेकांना वर्तमानपत्रात दोन ओळींपलीकडे जागा मिळाली नाही. वाचलेल्या एका मुलाची गोष्ट होते आणि मेलेल्या सात जणांची संख्या होते, ह्यात वाचकाच्या मनाचा दोष असेलही. पण ती संख्या रोज सात का राहते हे विचारण्याचे काम वाचकाचे नव्हे, संपादकाचे आहे.

आता डोंगराच्या पलीकडे. माथेरानच्या रांगेच्या दुसऱ्या अंगास, खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या पायथ्याशी ठाकर समाजाची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री कडा तिच्यावर आला. वाडीला वाहन जाईल असा रस्ता नव्हता, म्हणून यंत्रे वर जाईनात. पावसात, चिखलात हातांनी उकरावे लागले. सत्तावीस मृतदेह मिळाले. २३ जुलैला शोध थांबविण्यात आला आणि सत्तावन माणसे जेथे होती तेथेच मातीखाली राहिली. त्या वेळचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे पायी डोंगर चढून गेले. ते त्यांनी योग्यच केले. परंतु त्या चार दिवसांतील वृत्ते चाळून पाहावीत. मुख्यमंत्री चढले ह्याची गोष्ट झाली. शाळेत निजावयास गेल्यामुळे वाचलेल्या मुलांची झाली. आईवडील गमावलेल्या लेकरांची छायाचित्रे झाली, आणि त्या लेकरांपुढे ध्वनिग्राहक धरून 'आता तुला कसे वाटते?' असे विचारण्याची निर्दयता झाली. ह्या साऱ्या गर्दीत एक वाक्य मात्र उच्चारले जाऊन विरून गेले. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, असे सरकारनेच विधानसभेत सांगितले होते.

आमच्या मते त्या संपूर्ण दुर्घटनेतील बातमी ती हीच. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातील माळीण गाडले गेले होते; २२ जुलै २०२१ ला आमच्याच रायगड जिल्ह्यात महाडजवळचे तळिये गेले. दोन गावे गेल्यावरही उभ्या कड्याखालची वाडी ज्या यादीत बसत नाही ती यादी कोणी केली, कोणत्या कसोट्या लावून केली, डोंगर चढून केली की कचेरीत बसून? माधव गाडगीळ ह्यांच्या समितीने पश्चिम घाटाविषयीचा अहवाल २०११ साली दिला होता. त्यावर महाराष्ट्रात काय खल झाला आणि काय बाजूस सारले गेले, हे सांगण्याची याहून योग्य वेळ कोणती होती? यादीला चेहरा नसतो. ती रडत नाही. तिचे छायाचित्र निघत नाही. म्हणून ती राहून गेली.

आणि मग चौदाव्या दिवशी, म्हणजे सुतक फिटते न फिटते तोच, २ ऑगस्टला त्याच खालापूर तालुक्यातून दुसरी वार्ता आली. प्रसिद्ध कलादिग्दर्शक नितीन देसाई आपल्या चित्रनगरीत स्वतःच्या हाताने जीवनयात्रा संपवून गेले. त्यांचे वय सत्तावन्न होते. 'लगान', 'देवदास', 'जोधा अकबर' ह्या चित्रपटांतील गावे, महाल आणि किल्ले ज्याने उभे केले, राष्ट्रीय पुरस्कार ज्याला अनेकदा मिळाला, 'बालगंधर्व' चित्रपटाची निर्मिती ज्याने केली, असा हा मनुष्य. त्याच्या मृत्यूची बातमी मोठी होती आणि ती मोठीच द्यावयास हवी होती. पण दुसऱ्या दिवसापासून जे चालले ते बातमी देणे नव्हे. मृत्यू कसा, कोठे, किती वाजता, शेवटचे शब्द काय, ध्वनिमुद्रणात कोणाचे नाव, असा तपशील घासून पुसून वारंवार मांडला गेला. शोककळा म्हणून नटनट्यांच्या मोटारी कोणत्या क्रमाने आल्या ते छापले गेले. आत्महत्येचे वृत्त ठळक जागी, वारंवार व पद्धतीच्या वर्णनासह देऊ नये, असे दंडक भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ साली घालून दिले होते. जून २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत ह्याच्या मृत्यूनंतर जो तमाशा झाला त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ह्याच दंडकांची आठवण कडक शब्दांत करून दिली होती. ज्यांनी वाचावयाचे त्यांनी ते वाचले नाही असे आम्ही म्हणणार नाही. वाचले, आणि खपाच्या तागडीत घालून बाजूस ठेवले.

शिवाय ह्या हळहळीत तो कलावंतही हरवला. कलादिग्दर्शन म्हणजे काय हे आमच्या किती वाचकांना ठाऊक आहे? सुतार, रंगारी, साच्यांचे कारागीर, मूर्तिकार, शिंपी अशा शेकडो हातांकडून एका माणसाच्या डोळ्यांतील चित्र जमिनीवर उभे करवून घेणे, आणि चित्रीकरण संपताच ते मोडताना पाहणे. असा उद्योग मुंबईबाहेर, कर्जत-चौकाच्या रस्त्यालगत उभा राहतो, त्याच्यावर दोनशे बावन्न कोटींचे ऋण होते, तो न्यायाधिकरणापुढे दिवाळखोरीत जातो. तर मराठी माणसाने मोठे स्वप्न पाहिले की भांडवल कोणत्या अटींवर मिळते, ह्याचा अभ्यास कोणी करावयाचा? त्याच्या पगारावर चुली असलेल्या माणसांचे काय झाले? हे प्रश्न चार-दोन अर्थविषयक लेखांत आले, आणि घरोघर पोहोचली ती ध्वनिफीत. इर्शाळवाडीचे वाचलेले लोक त्या दिवशी तेथून जवळच चौक गावच्या बाजूस पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्यांत होते. कॅमेऱ्यांच्या गाड्या त्यांच्यावरूनच चित्रनगरीकडे गेल्या असल्या पाहिजेत.

आम्ही भाषेचे शिक्षक असल्यामुळे एक गोष्ट डोळ्यांत सलते. ह्या प्रकारच्या मजकुराला स्वतःचे असे व्याकरण आहे. 'सर्वत्र कौतुक होत आहे.' 'हळहळ व्यक्त करण्यात येत आहे.' 'चौकशीचे आदेश देण्यात आले आहेत.' 'दरड कोसळली.' 'मूल पडले.' ह्या वाक्यांत कर्ता शोधावा. कोण कौतुक करीत आहे, कोणी आदेश दिले, कोणास दिले? मराठीत कर्ता वगळून बोलण्याची जी सोय आहे ती संकोच आणि विनय ह्यांसाठी आहे. जबाबदार मनुष्य वाक्यातून पसार व्हावा म्हणून नव्हे. आमच्या विद्यार्थ्यांनी असे निबंध लिहिले तर आम्ही समासात तांबड्या शाईने 'कोणी?' असे लिहितो. एवढा एक शब्द रोज रात्री छपाईपूर्वी कोणी लिहीत बसेल तर अर्धी वर्तमानपत्रे कोरी निघतील.

आता ह्यास कारण काय? संपादक दुष्ट आहेत असे आम्हांस मुळीच वाटत नाही. कारण फार साधे आणि पैशाचे आहे. माणसाची गोष्ट एका भेटीत आणि एका छायाचित्रात होते. यादीची गोष्ट व्हावयास तलाठी, तहसीलदार, भूगर्भशास्त्रज्ञ आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज ह्यांमागे महिना घालवावा लागतो. तालुक्याचा वार्ताहर म्हणून ज्याचे नाव छापतात त्याला बहुधा पुरता पगार नसतो. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करणे हेही त्याच्याच गळ्यात असते, आणि ज्याची जाहिरात आणावयाची त्यालाच 'कोणी?' विचारावयाचे अशी त्याची कुचंबणा असते. तो कौतुकाकडे वळला तर आम्ही त्याला दोष देत नाही. त्याला वळविणाऱ्याला देतो.

ह्यावर जे उत्तर मिळते ते आम्ही अनेकदा ऐकले आहे, आणि त्यात दम आहे. पूर्वी वर्तमानपत्रात राजे आणि लाटसाहेब असत, आज सांधेवाल्याला जागा मिळते. ही लोकशाही नव्हे काय? तुम्ही प्राध्यापक मंडळी आकड्यांचे रुक्ष लेख मागता, पण लोकांचे हृदय माणसानेच हलते. हे दुसरे म्हणणे आम्हांस शंभर हिश्श्यांनी मान्य आहे. माणसानेच हृदय हलते. हलवून काय करावयाचे, एवढाच प्रश्न आहे. १८८५ साली रखमाबाईंनी 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने टाइम्स ऑफ इंडियात पत्रे लिहिली. ती एका मुलीच्या दुःखाची गोष्ट होती. पण वाचणाऱ्याला तिची कीव करून वर्तमानपत्र मिटता येईना, कारण त्या पत्रांनी बालविवाह हा प्रश्न त्याच्या मांडीवर आणून ठेवला. 'केसरी'ने तिच्या विरुद्ध लेखणी चालविली, घरोघर भांडणे झाली, आणि पुढे फुलमणी नावाच्या बंगाली मुलीच्या मृत्यूनंतर १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. एका मुलीच्या कहाणीने कायद्यापर्यंत जावे, ह्याला आम्ही माणसाविषयीची आस्था म्हणतो. श्रीपाद महादेव माटे ह्यांचे 'उपेक्षितांचे अंतरंग' १९४१ साली आले. त्यातील माणसे वाचकाला गोंजारून घरी पाठवीत नाहीत. ती त्याला आपल्या दाराशी नेऊन उभे करतात. सामान्य माणूस छापावा की नाही हा वादच नव्हे. तो छापून त्याच्या दाराला बाहेरून कडी घालू नये, इतकेच.

नाद जुनाच आहे, हेही कबूल. १२ जानेवारी १९२५ ला मलबार हिलवर अब्दुल कादर बावला ह्या व्यापाऱ्याचा खून झाला तेव्हा देशातील पत्रांना महिनोन् महिने दुसरा विषय नव्हता, आणि त्या वादळात इंदूरचे तुकोजीराव होळकर १९२६ साली गादीवरून उतरले. पण ज्या मुमताज बेगमेवरून हे घडले ती राजवाड्यातून सुटून स्वतःच्या इच्छेने राहू पाहत होती, ही साधी गोष्ट त्या चविष्ट चर्चेत किती जणांनी ध्यानात घेतली असेल? वाड्यात डांबलेल्या स्त्रियांचा प्रश्न राजा उतरला म्हणून उतरला नाही.

आणि मेलेल्या माणसांचीही आम्ही हीच गत करतो. नेरळच्या हुतात्मा चौकातून आम्ही रोज जातो-येतो. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे माथेरानचे. १९१२ साली नाभिक कुटुंबात जन्मले, वकील झाले, १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता उभारून त्यांनी मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटील ह्यांच्यासह गोळीबारात गेले. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट निघाला. मनोरे आणि सिद्धगड आमच्या शाळेतील मुले तोंडपाठ सांगतात. परंतु हेच कोतवाल त्याआधी गावोगाव धान्यकोठ्या चालवीत होते. टंचाईच्या दिवसांत शेतकऱ्याने व आदिवासीने दाण्यांसाठी सावकाराच्या ओट्यावर बसू नये म्हणून ती खटपट होती. धान्यकोठीचे नाव काढले की आमचे बहुतेक श्रोते गप्प होतात. मनोरा पडतानाचे चित्र काढता येते. पेवातल्या दाण्याचा हिशेब काढून दाखविणारा मिळत नाही, कारण तो हिशेब मांडला तर आजच्या ओट्यावर कोण बसले आहे हेही मांडावे लागेल.

म्हणून आमची मागणी लहान आहे, आणि ती ह्या मासिकाच्या वाचकांनी आपापल्या वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्र लिहून करावी. ज्याचे छायाचित्र पहिल्या पानावर छापले त्याच्याकडे सहा महिन्यांनी पुन्हा माणूस पाठवा, आणि तो काय म्हणतो ते तितक्याच मोठ्या अक्षरांत छापा. वांगणीच्या फलाटाची कड आज कशी आहे? डब्यांतून विकणाऱ्यांना आज कोण हाकलतो, दंड किती होतो? इर्शाळवाडीच्या लोकांना मिळालेल्या घरांपासून त्यांची शेते किती चालीवर आहेत, रानातील फळे-लाकूड आता कोठून आणतात, आणि रायगडच्या धोक्याच्या यादीत त्यानंतर कोणत्या वाड्यांची नावे चढली? खालापूर तालुक्यातील त्या चित्रनगरीत ज्यांचे हात चालत होते ते सुतार आणि रंगारी आता कोठे कामास जातात? नेरळहून वांगणी दोन स्थानकांवर आहे, आणि कर्जतमार्गे चौकास पोहोचावयास एक सकाळ पुरते. वार्ताहराला जाण्यायेण्याचे भाडे आणि त्या दिवसाचा पगार द्यावा. वाढदिवसाच्या जाहिराती त्या दिवशी मागू नयेत.